खरं तर ५.४.५

२०२४च्या मार्चअखेरीस डेबियन लिनक्सची सगळ्यात ताजी शाखा वापरणाऱ्यांच्या संगणकांवर एक अपडेट आलं. पॅकेजचं नाव एक्सझेड-युटिल्स. फाइली आवळून लहान करणारं हे पॅकेज जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असतं आणि एरवी त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. या वेळी आवृत्तीच्या आकड्यावर मात्र नजर अडत होती : ५.६.१+रिअली५.४.५-१. क्रमांक ५.६.१च्या पुढचा, पण आतला माल खरं तर ५.४.५चा.

या आकड्यामागची हकिगत अर्ध्या सेकंदापासून सुरू होते. पोस्टग्रेस या डेटाबेसचे विकसक आंद्रेस फ्रॉइंड आपल्या डेबियन यंत्रावर वेगाच्या बारीक मोजण्या घेत होते. दूरच्या यंत्रात शिरण्यासाठी वापरतात त्या एसएसएचला जरा जास्तच वेळ लागतोय आणि प्रोसेसर उगाच राबतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मोजून पाहिलं. आधी ०.२९९ सेकंद लागत होते, आता ०.८०७. दुसऱ्या कुणी एवढा फरक झटकून टाकला असता. त्यांनी माग काढला आणि ते एक्सझेडच्या लायब्ररीपाशी जाऊन पोचले. ५.६.० आणि ५.६.१ या दोन्ही आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला होता. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी २०२१पासून चिकाटीने काम करत, विश्वास कमावत, प्रकल्पाच्या चाव्या हातात घेऊन तो आत सरकवला होता. २९ मार्चला ही बातमी जगजाहीर झाली. डेबियनच्या सुरक्षा चमूला ती आधीच कळवलेली होती, आणि ५.४.५ पुन्हा आणण्याची तयारी तिथे झालेली होती.

पण ‘पुन्हा आणणं’ हे डेबियनच्या अपडेट यंत्रणेला ठाऊकच नाही. तिला एकच दिशा कळते, पुढची. संगणकावर ५.६.१ बसलेलं असेल आणि भांडारात ५.४.५ ठेवलं, तर यंत्रणा आकडे ताडून पाहते, आपल्याकडचं मोठं आहे असं ठरवते आणि स्वस्थ बसते. विषारी माल तसाच राहतो. म्हणून आकडाच असा घडवायचा की तो ५.६.१पेक्षा मोठा ठरेल आणि आत जुना माल आहे हे माणसालाही वाचता येईल. डेबियनमध्ये ही युक्ती एक्सझेडच्या बऱ्याच आधीपासून रुळलेली होती, मोडलेल्या आवृत्तीवरून माघार घेण्यासाठी. एवढ्या गंभीर कामासाठी वापरलेला ‘रिअली’ हा साधा शब्द जगभरच्या व्यवस्थापकांनी त्या आठवड्यात वाचला.

आकड्यांच्या या व्याकरणात आणखी दोन चिन्हं आहेत. आकड्यात लाटेसारखं चिन्ह, म्हणजे टिल्डे, आलं की तो भाग ‘काहीच नाही’पेक्षाही लहान धरला जातो. त्यामुळे १.०च्या आधीची चाचणी आवृत्ती क्रमाने १.०च्या आधीच राहते. दुसरं चिन्ह विसर्गासारखं, म्हणजे कोलन. त्याच्या डावीकडचा आकडा म्हणजे ‘इपॉक’. मूळ लेखकांनी आकडे देण्याची पद्धतच बदलली, समजा वर्ष-महिन्याचे आकडे सोडून पुन्हा १.०पासून सुरुवात केली, तर डेबियन पुढे ‘१:’ लावून नवं युग सुरू करतं. एक्सझेडलाही तसं करता आलं असतं. पण इपॉक एकदा लागलं की ते त्या पॅकेजला जन्मभर चिकटतं, म्हणून जाणती माणसं ते शक्यतो टाळतात. या सगळ्या चिन्हांच्या मुळाशी एकच अडचण आहे : पुढे जाण्यासाठी बांधलेल्या रस्त्यावर मागे कसं यायचं.

५.४.५ हाताशी होतं म्हणून हे जमलं. जुनी आवृत्ती हाताशी असणं ही आज गृहीत धरण्यासारखी गोष्ट वाटते. ती तशी कधीच नव्हती.

१९९१च्या सप्टेंबरात लिनस टोरवाल्ड्स यांचं ०.०१ हे कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, फिनलंडच्या फ्युनेट या जाळ्यावरच्या एफटीपी सर्व्हरवर चढलं. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांनी त्यासाठी केलेल्या फोल्डरला ‘लिनक्स’ हे नाव दिलं आणि तेच पुढे रूढ झालं. कर्नलच्या मूळ संहितेच्या बाबतीत जुनं टाकून देण्याची चाल कधीच पडली नाही. नवी आवृत्ती आली की ती जुन्याच्या शेजारी ठेवायची, बस्स. आजही कर्नलच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘हिस्टॉरिक’ नावाच्या फोल्डरात ते ०.०१ आहे, कुणीही उतरवून घ्यावं. लिहिणाऱ्यांना आपलं जुनं लेखन जपण्यात अडचण वाटत नाही.

वाटणाऱ्यांचं गणित वेगळं होतं. कर्नल, कम्पायलर, संपादक, मेल अशी शेकडो सॉफ्टवेअरं एकत्र बांधून, एकमेकांशी जुळतील अशी करून लोकांच्या हाती देणारे ते वितरणवाले. १९९३च्या जुलैत पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचं स्लॅकवेअर आलं. ते फ्लॉपींच्या मालिकांत विभागलेलं असे. ए मालिकेत पाया, एनमध्ये नेटवर्क, एक्समध्ये खिडक्या. त्याच वर्षी १६ ऑगस्टला इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबियनची घोषणा केली. मैत्रीण डेब्राचं आणि स्वतःचं नाव जोडून केलेलं हे नाव. त्या काळी जुनी आवृत्ती जपण्याचा प्रश्न लोकांच्या टेबलाच्या खणातच सुटत होता. फ्लॉपीवर किंवा सीडीवर जे आलं ते कुणी दुरून येऊन पुसू शकत नव्हतं. आपल्याकडेही नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात इंटरनेट महाग आणि संथ असताना ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर येणारी लिनक्सची सीडी हाच अनेकांचा पहिला परिचय होता. त्या सीडीवरची आवृत्ती वर्षानुवर्षं तीच राहायची. जुनेपणाची तक्रार असायची, पण नाहीशी होण्याची भीती नव्हती.

डेबियनला एका सीडीनेच पहिला धडा दिला. १९९५च्या डिसेंबरात एका सीडी विक्रेत्या कंपनीने सर्व्हरवर चालू असलेलं अर्धवट काम उचललं आणि त्यावर ‘डेबियन १.०’ असा शिक्का मारून विकलं. त्यामुळे खरं १.० कधी निघालंच नाही. १९९६च्या जूनमध्ये थेट १.१ आलं, ४७४ पॅकेजांचं. पुढे तयार होत असलेल्या फोल्डराला आकड्याऐवजी टोपणनाव देण्याची रीत पडली. डेबियनची धुरा सांभाळणारे ब्रूस पेरेन्स तेव्हा पिक्सार कंपनीत काम करत, म्हणून नावं तिच्या ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातली : बझ, रेक्स, बो. कायम घडत-मोडत असलेल्या शाखेला खेळणी मोडणाऱ्या पोराचं, सिडचं नाव मिळालं. फ्रॉइंड यांना चोरदरवाजा सापडला तो याच सिडमध्ये.

या भांडाराची रचना त्या काळी घरातल्या कपाटासारखी होती. प्रत्येक आवृत्तीचा एक कप्पा, त्यात तिची पॅकेजं. नवं पॅकेज आलं की त्याच जागी बसायचं आणि जुनं काढून टाकलं जायचं. कारण अगदी व्यवहाराचं होतं. हा सारा माल जगभरच्या विद्यापीठांच्या संगणकांवर नकलून ठेवलेला असे. त्या नकलांना मिरर म्हणतात. डिस्क त्यांची, बँडविड्थ त्यांची, आणि सगळं फुकट. कुणाच्या तरी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या यंत्रावर आपलं ओझं किती टाकायचं याला मर्यादा होती. दुसरं कारण सुरक्षेचं. ज्या आवृत्तीत भोक सापडलंय ती दुकानात मांडून ठेवली तर कुणीतरी ती नेणारच. ही दोन्ही कारणं खोटी नाहीत. जुनं फेकणाऱ्यांना निष्काळजी ठरवणं सोपं आहे, पण ते न्यायाचं होणार नाही.

कपाटाची अडचण वेगळीच होती. एखादं पॅकेज ताज्या शाखेतून पक्क्या आवृत्तीत बढती मिळून गेलं की फाइल एका कप्प्यातून दुसऱ्यात हलायची, आणि मिररवाल्यांना तीच फाइल नव्याने उतरवून घ्यावी लागायची. डिसेंबर २००० मध्ये डेबियनने कपाट मोडलं. त्या जागी ‘पूल’ आला : सगळ्या फाइली एकाच मोठ्या कोठीत, पॅकेजच्या नावाच्या आद्याक्षराप्रमाणे, आणि आवृत्ती म्हणजे नुसती यादी, कोठीतल्या कुठल्या फाइली माझ्या, हे सांगणारी. लिब या अक्षरांनी सुरू होणारी पॅकेजं इतकी झाली होती की त्यांना आद्याक्षर पुरेना. त्यांच्यासाठी लिबए, लिबबी असे वेगळे कप्पे करावे लागले. याच सुमाराला ‘टेस्टिंग’ ही मधली शाखा सुरू झाली. फाइल न हलवता नुसत्या यादीत नाव चढवायचं, हे जमू लागल्यामुळे ती शक्य झाली.

पूल आल्यावर जुनं जपणं सोपं व्हायला हवं होतं. झालं उलट. आता नियम काटेकोर झाला. ज्या फाइलीचं नाव कुठल्याच यादीत उरलं नाही, ती थोड्याच काळाने आपोआप पुसायची. सिडमध्ये एखाद्या पॅकेजच्या आठवड्यात तीन आवृत्त्या आल्या तर पहिल्या दोन जणू कधी नव्हत्याच. आणि डेबियन मूळ संहिताही त्याच कोठीत ठेवत असल्यामुळे पॅकेजबरोबर तिचीही ती आवृत्ती जायची. जनरल पब्लिक लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीत मूळ संहिता देण्याचं लेखी आश्वासन किमान ३ वर्षं पाळण्याची वाट दिलेली आहे. डेबियनचं बारीकसं पॅकेज घेऊन पुढे वाटणाऱ्या छोट्या मंडळींना ती संहिता नेमकी कुठून आणायची, हा प्रश्न पडायचा.

मग जुनं राहायचं कुठे? वापरणाऱ्याच्या स्वतःच्या डिस्कवर. १९९९च्या मार्चमध्ये डेबियन २.१बरोबर अधिकृतपणे आलेला ॲप्ट हा कार्यक्रम उतरवलेलं प्रत्येक पॅकेज एका फोल्डरात ठेवून देई. टर्मिनलमध्ये ते फोल्डर उघडलं की लांबलचक नावांची रांग दिसते : पॅकेजचं नाव, अधोरेषा, आवृत्ती, अधोरेषा, प्रोसेसरचा प्रकार. इपॉकवाल्या पॅकेजच्या नावात विसर्गाच्या जागी टक्केचिन्ह, तीन आणि ए अशी तीन अक्षरं दिसतात, कारण फाइलीच्या नावात ते चिन्ह नको म्हणून ॲप्ट ते बदलून लिहितं. रात्रभर मोडेमवर उतरवलेली ही रांग हा कैक लोकांचा खाजगी इतिहास होता. सकाळी आवाज बंद पडला, छपाई बिघडली, की त्या रांगेत कालची फाइल शोधायची आणि पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीला हातानेच ती बसवायला सांगायचं. कुरकुरत का होईना, तो ऐकायचा.

या फोल्डराची साफसफाई करणाऱ्या दोन आज्ञा आहेत. एक सगळंच झाडून काढते. दुसरी, ‘ऑटोक्लीन’, सौम्य म्हणून ओळखली जाते. ती फक्त अशा फाइली पुसते ज्या आता भांडारातून पुन्हा उतरवता येत नाहीत. क्षणभर थांबून हे पुन्हा वाचायला हवं. जे केव्हाही परत मिळेल ते ती राखते, आणि जे आता जगात दुसरीकडे मिळणं कठीण, नेमकं तेच टाकते. जागा वाचवण्याच्या हिशेबाने ते बरोबरच आहे, कारण जुनं म्हणजे निरुपयोगी हे त्या हिशेबाचं पहिलं गृहीतक आहे. २०१६ साली ॲप्टच्या १.२ आवृत्तीने पुढचं पाऊल टाकलं : ‘ॲप्ट’ या नव्या आज्ञेने बसवलेल्या पॅकेजची फाइल काम झाल्यावर लगेच पुसली जाऊ लागली. इंटरनेट वेगवान झालं होतं, डिस्क लहान आणि महाग एसएसडी झाल्या होत्या. घराघरांतला तो खाजगी इतिहास एका बदलासरशी आटला.

तोवर सुदैवाने कुणीतरी सार्वजनिक कोठार बांधलं होतं.

जपानमधले डेबियन विकसक फुमितोशी उकाई रोज भांडाराची नक्कल घेऊन ठेवत होते आणि ती स्वतःच्या जबाबदारीवर लोकांना खुली करत होते. ‘स्नॅपशॉट’ या नावाने ती सेवा डेबियनच्या मंडळींत माहीत होती. कुठलं पॅकेज कोणत्या दिवशी कसं होतं, हे पाहायचं असेल तर उकाईंच्या दारी जायचं. एका माणसाच्या हौसेवर आणि डिस्कवर हे किती दिवस चालणार, ही काळजी अर्थातच सगळ्यांना होती. २०१०च्या एप्रिलमध्ये डेबियनने स्वतःची अधिकृत स्नॅपशॉट सेवा जाहीर केली. ती उभारण्यात पीटर पाल्फ्राडर यांचा वाटा मोठा. सुरुवातीची यंत्रं इंग्लंडमधली सँगर इन्स्टिट्यूट आणि कॅनडातलं ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ यांनी आपल्याकडे ठेवून घेतली. सँगर म्हणजे माणसाच्या जनुकांचा आराखडा उलगडणाऱ्या संस्थांपैकी एक. प्रचंड साठे सांभाळायची तिला सवय होती. उकाईंच्या काळातला मालही नव्या कोठारात आला, त्यामुळे त्याची गाठ थेट १२ मार्च २००५पर्यंत मागे जाते.

कोठाराची बांधणी साधी आणि सुंदर आहे. दिवसातून चार वेळा भांडाराकडे पाहायचं. प्रत्येक फाइलीचा एसएचए-१ पद्धतीने ठसा काढायचा, तो ठसा हेच तिचं नाव, आणि त्या नावाने ती एकदाच ठेवायची. तीच फाइल पुढच्या हजार पाहण्यांत पुन्हा दिसली तरी नव्याने जागा खात नाही. फक्त यादीत नोंद होते. त्यामुळे लाखो नोंदी ठेवूनही साठा आवाक्यात राहतो. वापरणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याने पत्त्यात वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद लिहायचे, आणि त्या क्षणीचं सगळं डेबियन त्याच्यापुढे उभं राहतं.

फक्त एक पहारेकरी आडवा येतो. भांडाराच्या यादीवर सही असते आणि पुष्कळदा ‘अमुक तारखेपर्यंत वैध’ असंही लिहिलेलं असतं. हे मुद्दाम केलंय. मधल्या वाटेवर बसलेला कुणी बदमाश महिन्यापूर्वीची खरीखुरी, सही असलेली यादी पुढे करून तुम्हाला सुरक्षेच्या दुरुस्त्यांपासून दूर ठेवू शकतो. मुदत संपलेली यादी नाकारली की ही फसवणूक फसते. पण स्नॅपशॉटमधल्या अशा जुन्या यादीची मुदत संपलेलीच असणार. म्हणून तिथे जाणाऱ्याला ‘मुदत पाहू नकोस’ असं ॲप्टला स्पष्ट लिहून द्यावं लागतं. जुन्याकडे जाण्याचा रस्ता आहे, पण तो कुणी नकळत चालू नये, हा विचार योग्यच आहे.

रेड हॅटच्या घराण्यात ही गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. १९९५मध्ये आलेल्या आरपीएम या तिथल्या पॅकेज-साधनाला जुन्या आवृत्तीवर जाण्यासाठी सरळ ‘ओल्डपॅकेज’ नावाचा पर्याय होता. काही वर्षं तर त्यात आणखी धाडसी सोय होती. पॅकेज बदलण्याआधी यंत्रावर बसलेल्या फाइलींचंच पुन्हा पॅकेज बांधून एका फोल्डरात ठेवायचं, म्हणजे परत येता येईल. ती सोय नाजूक होती, जागा खाणारी होती, आणि शेवटी काढून टाकण्यात आली. ड्यूक विद्यापीठात सेठ व्हिडाल यांनी सहकाऱ्यांसह वाढवलेल्या यमने नंतर प्रत्येक व्यवहाराची वही ठेवायला सुरुवात केली. अमुक क्रमांकाचा व्यवहार उलटा फिरव, असं त्याला सांगता येतं. पण वही कितीही चोख असली तरी उलटं फिरवायला जुनी फाइल लागते. याच घराण्यातल्या फेडोराच्या अपडेट भांडारात एका वेळी शेवटचीच आवृत्ती राहत असल्यामुळे ही आज्ञा कित्येकदा ‘असं पॅकेज नाही’ म्हणून हात टेकते. मग कोजी या बांधणी-यंत्रणेत जाऊन फाइल हाताने शोधायची. पुढे फेडोरा कोअरओएसच्या गरजेतून जुन्या अपडेटांचं वेगळं भांडार निघालं. त्याच घराण्यातल्या एंटरप्राइझ लिनक्समध्ये मात्र प्रसिद्ध केलेल्या आवृत्त्या भांडारातच राहतात. तिथलं गिऱ्हाईक बँक, विमा, रेल्वे असं असतं. ते एका विशिष्ट आकड्यावर महिनाभर चाचण्या घेतं आणि मग तोच आकडा हवा म्हणून अडून बसतं.

एका पॅकेजबाबत मात्र डेबियन आणि रेड हॅट या दोन्ही घराण्यांचं एकमत आहे, कर्नलबाबत. कर्नल बिघडलं तर यंत्र सुरूच होत नाही, मग दुरुस्तीचं अपडेट येणार कुठून? म्हणून नवं कर्नल जुन्याच्या जागी बसत नाही, शेजारी बसतं. फेडोरात शेवटची ३ राहतात. डेबियनमध्ये आकडा पॅकेजच्या नावातच घातलेला असतो, त्यामुळे यंत्रणेच्या लेखी ती वेगळीच पॅकेजं ठरतात. नव्या कर्नलने पडदा काळा केला की यंत्र पुन्हा सुरू करायचं, सुरुवातीला दिसणाऱ्या ग्रब मेन्यूत बाणाच्या कळीने जुनं कर्नल निवडायचं आणि एंटर. ज्याने हे एकदा केलंय त्याला जुनी आवृत्ती का जपायची हे वेगळं सांगावं लागत नाही. पोस्टग्रेसचंही तसंच. नव्या मोठ्या आवृत्तीला जुन्या डेटाच्या फाइली तशाच वाचता येत नाहीत, म्हणून डेबियनमध्ये तिचे दोन आकडे शेजारी नांदतात. आणि पोस्टग्रेसच्या मंडळींनी आपल्या ॲप्ट भांडारातून निघून गेलेल्या पॅकेजांसाठी स्वतंत्र कोठार ठेवलं आहे.

आर्च लिनक्सला पक्क्या आवृत्त्याच नाहीत, ते सतत वाहतं. त्यामुळे तिथे मागे जाण्याची गरज अधिक. ‘आर्च रोलबॅक मशीन’ नावाची स्वयंसेवी सेवा ही गरज भागवत होती. २०१३च्या ऑगस्टमध्ये ती बंद पडली आणि एवढ्या मोठ्या समुदायाचा भूतकाळ एका सर्व्हरवर टांगलेला होता हे लोकांना कळलं. त्यातून पुढे अधिकृत आर्च लिनक्स आर्काइव्ह उभं राहिलं. त्यातला फार जुना माल इंटरनेट आर्काइव्हकडे सोपवला गेला. स्लॅकवेअरमध्ये एक छोटं फोल्डर आहे, नाव ‘पाश्चर’, म्हणजे कुरण. मुख्य वितरणातून निवृत्त झालेली पॅकेजं तिथे चरायला सोडलेली असतात. बैल थकला म्हणून कुणी त्याला लगेच दारातून हाकलत नाही, हे व्होल्कर्डिंग यांनी एका शब्दात सांगून टाकलंय.

सगळंच जपायचं ठरवलं तर काय होतं, हे निक्स या पॅकेज-व्यवस्थेकडे पाहून कळतं. नेदरलंड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३च्या सुमारास ते सुरू केलं. त्यात प्रत्येक पॅकेज स्वतःच्या ठशाच्या नावाच्या फोल्डरात राहतं, जुनं-नवं एकमेकांना धक्का लावत नाही, मागे येणं म्हणजे नुसता बाण वळवणं. पण त्याचं सार्वजनिक कोठार वाढत वाढत शेकडो टेराबाइटवर गेलं, आणि २०२३मध्ये आधीच्या पुरस्कर्त्या कंपनीने साठवणुकीचा खर्च थांबवला तेव्हा समुदायाला हात पसरावे लागले. विद्यापीठांच्या कोपऱ्यातल्या डिस्कचा जुना प्रश्न नव्या आकाराने परत आला.

दरम्यान जुन्याची गरज एका अनपेक्षित बाजूने वाढली. कंटेनरमध्ये सॉफ्टवेअर बांधणारे लोक कृतीच्या फाइलीत नेमका आकडा लिहू लागले, अमुक पॅकेज, अमुकच आवृत्ती. हेतू चांगला होता : आज बांधलं तेच उद्या बांधलं जावं. महिन्याभराने तीच कृती अडायची, कारण भांडारात पुढचा आकडा आलेला आणि मागचा पुसलेला. नेमकेपणासाठी लिहिलेली ओळच बांधणी मोडायची. २०१३पासून डेबियनमध्ये जोर धरलेल्या ‘पुनरुत्पादक बांधणी’च्या चळवळीला तर याहून जास्त हवं होतं. एखादं पॅकेज खरोखर त्याच संहितेतून बनलंय का, हे सिद्ध करायला ते शब्दशः, बाइटशः तसंच पुन्हा बांधावं लागतं, आणि त्यासाठी त्या दिवशीचा कम्पायलर, त्या दिवशीच्या लायब्रऱ्या लागतात. स्नॅपशॉट नसेल तर ही तपासणी सुरूच होत नाही. डेबियनवर बेतलेल्या उबुंटूनेही पुढे स्वतःची स्नॅपशॉट सेवा काढली. १ मार्च २०२३पासूनचं भांडार तिथे तारखेने मागता येतं.

मराठीत लिहिणाऱ्यांचा या साऱ्याशी संबंध येतो तो फॉन्टच्या पॅकेजमधून. रेड हॅटने खुल्या केलेल्या लोहित फॉन्टांवर पुण्याच्या कार्यालयातल्या अभियंत्यांनी बरीच वर्षं काम केलं. डेबियनमध्ये लोहित देवनागरीच्या शेजारी मराठीसाठी वेगळं पॅकेज आहे, कारण आपला ल आणि श हिंदीहून वेगळ्या वळणाचे. अशा पॅकेजची आवृत्ती बदलली आणि एखाद्या अक्षराची रुंदी केसभर हलली, की तीनशे पानांच्या पुस्तकाच्या ओळी सरकतात, सूचीतले पृष्ठांक चुकतात. पुस्तक ज्या फॉन्टवर लावलं होतं तोच पुन्हा हवा असतो, त्याच आकड्याचा.

एक्सझेडच्या आठवड्यात हे सगळे धागे एकत्र आले. डेबियनची पक्की आवृत्ती ५.४.१वर होती, ती वाचली. सिड आणि टेस्टिंगसाठी ‘रिअली’वालं पॅकेज गेलं. त्यावरही एका जुन्या जाणत्याने प्रश्न टाकला : ५.४.५मध्ये तरी त्याच माणसाचा हात कितपत फिरलाय? त्याहून मागे, तो येण्यापूर्वीच्या आवृत्तीपर्यंत जायला नको का? डेबियन १२चं ठरलेलं पुढचं दुरुस्ती-प्रकाशन लांबणीवर पडलं. उबुंटूने २४.०४ची बीटा आठवडाभर पुढे ढकलली आणि चोरदरवाजा शिरल्यानंतरच्या काळात बांधलेली पॅकेजं नव्याने बांधली. एक्सझेडची मूळ संहिता ज्या गिटहबवर होती तिथे तर ती जागाच काही काळासाठी बंद करण्यात आली.

तपास करणाऱ्यांना मात्र तो विषारी माल हवा होता. चोरदरवाजा कसा उघडतो, कुठल्या किल्लीने, हे कळायला ती फाइलच उघडायला हवी, आणि भांडारातून ती निघून गेलेली. डेबियनच्या स्नॅपशॉटमध्ये ती होती. पत्त्यात २८ मार्च २०२४, पहाटेचे २ वाजून ५६ मिनिटं, ५७ सेकंद असं लिहिलं की एक्सझेडच्या लिबएलझेडएमए या लायब्ररीची ५.६.१-१ ही फाइल उतरू लागते. त्याच पॅकेजच्या यादीत थोडं पुढे गेलं की ५.६.१+रिअली५.४.५-१ दिसतं, आणि मागे गेलं की नुसतं ५.४.५.